जानेवारीत जन्मलेल्यांचा संघ

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातल्या फुटबॉल निवड समित्यांचे सदस्य, शाळांचे क्रीडाशिक्षक आणि तालमींचे प्रशिक्षक

सप्रेम नमस्कार,

तुमच्यातल्या बऱ्याच जणांबरोबर मी खेळलोय. काहींनी मला पाडलंय, काहींना मी पाडलंय, आणि गॅलरीतून दोघांनाही शिव्या बसल्यात. त्यामुळं हे पत्र परक्याचं समजू नका. आता मी खेळत नाही. सकाळी पेठेतली पोरं घेऊन मैदानावर असतो आणि चाचणीच्या दिवशी त्यांच्या बॅगा राखत कडेला उभा असतो. मांडवातल्या खुर्चीवरून जे दिसत नाही, ते तिथून बऱ्यापैकी दिसतं.

म्हणणं एवढंच आहे, की चौदा आणि सतरा वर्षांखालच्या निवड चाचण्या आपण ज्या रीतीनं घेतो, त्यात खेळ येणारी पोरं बाहेर राहतात. वशिल्याचा विषय मी काढतच नाही. तो जिथं असतो तिथं असतो, आणि त्यावर चहाच्या गाड्यावर बोलून बोलून लोकांची तोंडं दुखली. मी बोलतोय ते सरळ मनानं घेतलेल्या चाचणीबद्दल. तिथंही अशीच पोरं बाहेर राहतात, आणि दरवर्षी राहतात.

एका चाचणीचं सांगतो. कुठली, कुणाची, ते राहू दे. सकाळी आठची वेळ दिलेली. नावनोंदणी, आधारची झेरॉक्स, जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, पाठीवर सेफ्टी पिनेनं टोचलेला कागदी नंबर. ऊन चढेपर्यंत रांगच सरकत होती. फॉर्मवर खेळण्याच्या जागेचा रकाना होता, त्यात निम्म्याहून जास्त पोरांनी ‘फॉरवर्ड’ लिहिलेलं. बॅक लिहिलं तर तुला कोण बघणार, असं घरातूनच सांगून पाठवलेलं असतं. मग एकमेकांची नावंही माहीत नसलेल्या पोरांचे अकरा-अकराचे संघ पाडले आणि पंधरा-पंधरा मिनिटांचे सामने लावले.

आता हिशेब करा. पुऱ्या नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी बॉल सगळा मिळून दोन-तीन मिनिटं असतो. मग पंधरा मिनिटांत अर्धं मिनिट मिळालं तरी नशीब. त्यात चाचणीत कुणी कुणाला पास देत नाही. पास दिला की खुर्चीवरच्यांचे डोळे बॉलबरोबर दुसऱ्याकडं जातात, हे पोरांना बाराव्या वर्षीच कळलेलं असतं.

त्या दिवशी डाव्या हाफला, म्हणजे मधल्या फळीत डावीकडं, एक पोरगं होतं. अंगानं काटक, जर्सी गुडघ्यापर्यंत, घसरू नयेत म्हणून मोज्यांना रबर लावलेलं. बॉल त्याच्याकडं तीनदा आला. पहिल्यांदा बॉल यायच्या आधीच त्यानं मान वळवून मागं बघितलं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मग बॉल थांबवलाच नाही. डाव्या पायानं एकाच टचमध्ये बॅकच्या पाठीमागं रिकाम्या जागेत सोडला. तिथं विंगरनं धावत यायला हवं होतं. तो उभा राहून बघत होता. बॉल लाईनबाहेर गेला आणि मांडवातून आवाज आला, “अरे, कुणाला दिलास?” दुसऱ्या वेळी त्याच्यापेक्षा वीतभर उंच पोरानं खांदा मारून त्याला आडवं केलं. तिसऱ्या वेळी धक्का बसायच्या आतच त्यानं बॉल सोडला आणि परत मिळेल म्हणून पुढं पळत सुटला. मिळाला नाही. शिट्टी झाली. नंतर नंबर वाचले, त्यात त्याचा नव्हता. खांदा मारणाऱ्याचा होता.

तो उंच पोरगा वाईट नव्हता, हेही सांगतो. पळायला चांगला, किक दणदणीत. मी दोघांचे दाखले नंतर बघितले. एकाचा जन्म जानेवारीतला, दुसऱ्याचा नोव्हेंबरातला, वर्ष एकच.

आपल्याकडं वयोगटाची रेघ १ जानेवारीला पडते. २ जानेवारीला जन्मलेला आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला जन्मलेला, दोघंही एकाच गटात. पंचविशीत वर्षभराचा फरक कुणी विचारत नाही. तेराव्या वर्षी तो फरक मिशीत दिसतो. मुलांची उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते ती साधारण चौदाच्या आसपास, आणि त्या एका वर्षात नऊ-दहा सेंटीमीटर सहज वाढतात. पण हा झपाटा कुणाला बाराव्या वर्षी येतो, कुणाला पंधराव्या. म्हणजे एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन पोरांतही एकाचं शरीर गडी झालेलं असतं आणि दुसऱ्याचं अजून चौथीतल्या पोरासारखं. उशिरा जन्म आणि उशिरा वाढ, दोन्ही एकाच्याच वाट्याला आली तर त्या पोरानं काय करायचं?

कॅनडातल्या आइस हॉकीत हे पहिल्यांदा नीट मांडलं गेलं. १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सली हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी यांनी वरच्या दर्जाच्या खेळाडूंच्या जन्मतारखा काढून बघितल्या, तर जानेवारी ते मार्चमध्ये झुंबड आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये दुष्काळ. पुढं फुटबॉलमध्ये देशोदेशी तेच सापडलं. इंग्लंडमध्ये रेघ १ सप्टेंबरला आहे, तर तिथं सप्टेंबर-ऑक्टोबरात जन्मलेल्यांची गर्दी. मला सगळ्यात पटलं ते बेल्जियमचं. त्यांनी १९९७ मध्ये रेघ १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली आणि बघता बघता निवडलेल्या पोरांतली गर्दीही ऑगस्टकडून जानेवारीकडं सरकली. आता जानेवारीत जन्मलेली पोरं त्या एका वर्षात अचानक हुशार झाली, असं तर कुणी म्हणणार नाही.

आपल्याकडं यात आणखी एक भर पडते, पावसाची. शालेय स्पर्धा आणि त्यांच्या आधीच्या चाचण्या बऱ्याचदा ऐन पावसाळ्यात येतात. गांधी मैदानात पाणी साचलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. चिखलात बॉल दोन मीटर सरकत नाही. तिथं छोटा पास, ड्रिबल, टर्न सगळं बंद. ज्याची किक लांब आणि मांडी जाड, त्याचंच राज्य. त्या चिखलात आपण हाफ निवडतो आणि उन्हाळ्यात शाहू स्टेडियमवर बसून म्हणतो, की हल्लीच्या पोरांना बॉल खेळवता येत नाही.

आणि हे आपल्याला बेल्जियमचा दाखला देऊन सांगावं लागतंय, याचंच मला हसू येतं. आपण कुस्तीच्या गावची माणसं. आपल्या निम्म्या फुटबॉल संघांच्या नावात अजून तालीम आहे. खासबागेच्या कुस्ती मैदानात जोड लावताना वस्ताद दाखला मागत नाहीत. अंग बघतात, वजन बघतात, गर्दन बघतात आणि मग म्हणतात, हां, ही जोड लागते. चाळीस किलोच्या पोरापुढं पंचावन्न किलोचं पोरगं उभं केलं तर पब्लिक मैदानात उतरेल. हेच शहाणपण तालमीच्या लाल मातीतून बाहेर पडून फुटबॉलच्या मैदानावर आलं की कुठं जातं? इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अकॅडम्या अलीकडं अधूनमधून वय बाजूला ठेवून शरीराच्या वाढीनुसार गट पाडतात आणि पोरांना खेळवतात. त्यात बारकी पोरं मोकळी खेळली हे ओघानंच आलं, पण थोराड पोरांनाही फायदा झाला. नुसत्या अंगावर निभत नाही म्हटल्यावर त्यांना पाय चालवावे लागले. बेल्जियमनं तर उशिरा वाढणाऱ्या पोरांसाठी ‘फ्युचर्स’ नावाचा वेगळा राष्ट्रीय संघच ठेवलाय.

थोराड पोरांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. चौदाव्या वर्षी जो अंगावर सामने जिंकतो, त्याला कुणी काही शिकवत नाही. शिकवायची गरजच पडत नाही. बॉल पुढं मारायचा आणि पळायचं. अठराव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे होतात आणि हा अडतो. अंडर-१४ ला ज्यांच्या नावानं आपण शिट्ट्या मारल्या, त्यातली किती पोरं आज आपल्या वरच्या गटाच्या, म्हणजे ए डिव्हिजनच्या सोळा संघांत पहिल्या अकरात आहेत, तुम्हीच आठवून बघा. मग सीझन आला की मधल्या फळीत डोकं चालवणारा माणूस नाही म्हणून आपण बाहेरचा खेळाडू आणतो, कधी गोव्याचा, कधी थेट नायजेरियाचा. माझा त्यांच्यावर राग नाही, त्यातली काही पोरं आता आपल्यापेक्षा चांगलं मटण ओळखतात. पण तो हाफ आपल्याकडं होता. मोज्यांना रबर लावून उभा होता.

एकदा नंबर वाचले, की पुढचं सगळं आपोआप घडतं. निवडलेल्या पोराला शिबिर, चांगला प्रशिक्षक, बाहेरगावचे सामने, नवे स्टड. न निवडलेल्याला घर. वर्षभरानं दोघं परत आले की पहिला खरोखरच चांगला झालेला असतो आणि आपण म्हणतो, बघा, आपली नजर चुकली नव्हती. दुसरा तोवर दहावीत गेलेला असतो. खेळाचे ग्रेस गुण मिळणार नाहीत म्हटल्यावर वडील बूट माळ्यावर टाकतात, आणि पुढं तो शिरोलीला कारखान्यात कामाला लागतो. एका पोराची आई गेलं वर्षभर त्याला रोज संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर नेते. पुढच्या चाचणीपर्यंत उंची वाढली पाहिजे म्हणून डोळ्यांदेखत काढलेलं म्हशीचं दूध पाजते. पोराचा फर्स्ट टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्या स्पर्शात ताब्यात घेणं, कसा आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. ‘लहान पडतो’ एवढंच सांगितलंय.

वय चोरण्याचं दुखणंही इथूनच येतं. निवडणाऱ्याला अंग हवंय हे कळलं, की लोक अंगाचाच पुरवठा करतात. फिफा २००९ पासून सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला मनगटाचा एमआरआय काढते, आपल्याकडंही मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. ते करायलाच हवं. पण खरी तारीख लावूनही जानेवारीचं पोरगं जानेवारीचंच राहतं.

यावर ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. टॅलेंट असलं की दिसतंच. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव नाही का दिसला? दिसला, आणि २०१७ मध्ये तो भारताकडून सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला उतरला तेव्हा अख्ख्या गावाची छाती फुगली. पण तो पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत होता. रोज, महिनोन्‌महिने त्याचा खेळ बघणारी माणसं तिथं होती. पंधरा मिनिटांच्या सामन्याच्या बाजूनं त्याचं नाव घेता येत नाही. आणि दिसलेला एक सगळ्यांना माहीत असतो; न दिसलेल्यांची यादी कुठल्या कार्यालयात लावलेली असते?

मेस्सीचं उदाहरण मी देत नाही. वर्ल्डकपला चौकाचौकात त्याचे कटआऊट आपण लावतो, त्याच्या उंचीची गोष्ट पोरासोरांना पाठ आहे. ग्रीझमनचं बघा. फ्रान्समधल्या एकामागून एक क्लबनं अंगानं लहान म्हणून त्याला परत पाठवलं. शेवटी त्याला खेळताना बघून उचललं ते स्पेनच्या रिअल सोसिएदादनं. २०१८ च्या वर्ल्डकप फायनलला फ्रान्सकडून गोल मारणाऱ्यांत तो होता. फ्रान्ससारख्या देशाची चाळणी एवढी मोठी, तरी तिच्यातून तो निसटला.

तालुक्यांचं तर वेगळंच. गडहिंग्लजला फुटबॉल कोल्हापूरएवढाच रक्तात आहे. चंदगड, आजरा, शाहूवाडीकडंही पोरं आहेत. पण चाचणीचा मेसेज आदल्या रात्री ग्रुपवर पडतो. चंदगडहून इथं यायला शंभराहून जास्त किलोमीटर. पहाटे निघालेलं पोरगं एसटीत उभं राहून येतं, रांगेत दोन तास काढतं, वडापाव खातं आणि मग मैदानात उतरतं. त्याच्यासमोर जे उतरतं ते घरून चालत आलेलं आणि मांडवातल्या दोघातिघांना ‘काका’ म्हणणारं असतं. “कुठल्या पेठेचा रे तू?” या प्रश्नाला त्या पोरानं काय उत्तर द्यायचं? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतंच. पण ओळखीच्या पोराची चूक आपल्याला चूक वाटते आणि अनोळखी पोराची चूक कुवत वाटते. माणसाची नजरच तशी आहे, तुमचीही आणि माझीही.

मुलींच्या चाचण्या उरलेल्या अर्ध्या तासात उरकल्या जातात. त्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल आणि ते माझ्यापेक्षा एखाद्या खेळाडू मुलीनं लिहावं.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. मैदान एक, दिवस एक, पोरं शेकड्यांनी, वर संध्याकाळपर्यंत यादी द्या म्हणून फोन. मानधन किती मिळतं तेही माहीत आहे, म्हणजे मिळत नाही हे. म्हणून जे मागतोय ते बिनखर्चाचं किंवा फार तर चहापाण्याच्या खर्चातलं मागतोय.

पाठीवरच्या नंबराला रंग द्या. जानेवारी ते मार्चला एक, एप्रिल ते जूनला दुसरा, असे चार. त्यानं कुणाला जास्तीचे गुण द्यायचे नाहीत. फक्त बघताना कळू दे, की ढकलणारा कुठल्या महिन्याचा आणि पडणारा कुठल्या. अकरा-अकराच्या सामन्याआधी निम्म्या मैदानात चार-चार किंवा पाच-पाचचे खेळ लावा. तेवढ्याच वेळात बॉल कितीतरी पट जास्त वेळा पायाशी येतो, आणि लपायलाही जागा उरत नाही. त्यातला एक खेळ उंची बघून जोड्या लावून घ्या, वस्ताद लावतात तसा. चिखल असेल तर चाचणी पुढं ढकला, आभाळ कोसळत नाही. एका निवड सदस्याला सकाळभर बॉलकडं बघूच नका म्हणून सांगा. त्यानं फक्त बॉल नसलेली पोरं बघायची: कोण मान वळवतं, कोण जागा धरतं, बॉल गेल्यावर कोण मागं पळतं. आणि दुसऱ्या जिल्ह्यातला एक तरी माणूस मांडवात बसवा, ज्याला आपल्या पेठा माहीत नाहीत.

सहा महिन्यांनी परत बोलवा. सगळ्यांना नाही जमणार, पण ज्यांच्यापुढं प्रश्नचिन्ह राहिलं त्यांना तरी. तेराव्या वर्षी सहा महिने फार असतात. जे पोरगं निवडलं नाही त्याच्या हातात दोन ओळींची चिठ्ठी द्या, काय बरं आहे आणि काय कमी आहे याची. ‘उंची’ हा शब्द त्या चिठ्ठीत लिहायचा नाही, एवढं बंधन घालून घ्या. मग काय लिहायचं याचा विचार करावा लागेल आणि त्यासाठी खेळ बघावा लागेल.

क्रीडाशिक्षकांना वेगळं सांगतो. चाचणीच्या दिवसापेक्षा तुमची वही जास्त खरं बोलते. पोरगं वर्षभर तुमच्यासमोर असतं. शिफारस पाठवताना नुसतं नाव पाठवू नका, ‘डावखुरा, बॉल येण्याआधी बघतो, अजून वाढायचा आहे’ असं एक वाक्य लिहा. समितीनं ते वाचावं म्हणून मी त्यांच्या मागं लागेन.

हे सगळं पटत नसेल तर एक काम करा. तुमच्या कपाटात मागच्या पाच-सहा वर्षांच्या निवड याद्या असतील, जन्मतारखांसकट. एका कागदावर बारा रकाने आखा आणि प्रत्येक निवडलेल्या पोराची रेघ त्याच्या महिन्याखाली मारा. तासाभराचं काम आहे. जानेवारी-फेब्रुवारी आणि नोव्हेंबर-डिसेंबर सारखे भरले, तर मी हे पत्र मागं घेतो आणि मांडवात येऊन सगळ्यांसमोर तसं सांगतो. नाही भरले, तर तो कागद पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवा.

नंबरांना लावायच्या रंगीत पट्ट्यांचं कापड मी लक्ष्मीपुरीतून आणतो, शिवायला गल्लीतला टेलर तयार आहे, पैशाचं बघून घेऊ. तारीख ठरली की आठवडाभर आधी कळवा. आदल्या रात्री ग्रुपवर नको. चंदगडच्या पोरांना पहाटेची एसटी धरायची असते.

आपला,
कडेला बॅगा राखणारा एक जुना हाफ
कोल्हापूर